आत्या कोर्टात उभ्या राहतात तेव्हा

माझ्या बायकोच्या आत्यांसमोर खोटं बोलून ते पचवू शकेल असा माणूस अजून या बेटावर उतरलेला नाही. चांगी विमानतळावर रोज केवढी माणसं उतरतात हे पाहता विधान जरा धाडसाचं आहे, पण मी ते पूर्ण जबाबदारीने करतो आहे. मला सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा पुण्यातल्या यच्चयावत नातेवाइकांनी इथला उकाडा, इथली घरभाडी आणि इथले दंड यांबद्दल मला सावध केलं. आत्यांबद्दल मात्र फक्त बायकोने सावध केलं. म्हणाली, "ती काही विचारेल तेव्हा उत्तर तिला आधीच माहीत असतं, एवढं लक्षात ठेव." मी हसण्यावारी नेलं. पहिल्याच रविवारी आत्यांकडे जेवायला गेलो. पानात भरली वांगी होती. "वांगी कशी झालीयत, जावईबापू?" आत्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छान." "आवडली?" "खूपच." "मग दुसरं वांगं का घेतलं नाहीत?" "पोट भरलं, आत्या." "पोट भरलं होतं, तरी श्रीखंड दोनदा घेतलंत. म्हणजे पोटात जागा होती." मला वांगं आवडत नाही हे मी जन्मदात्या आईला कधी सांगू शकलो नव्हतो, ते मी आत्यांना वाटीभर श्रीखंडाच्या साक्षीने सांगून टाकलं. आत्या शांतपणे उठल्या आणि आतून झाकून ठेवलेलं पिठलं घेऊन आल्या. ते त्यांनी सकाळीच करून ठेवलं होतं.

आत्या फौजदारी वकील आहेत. वडिलांच्या जहाज कंपनीतल्या नोकरीपायी शाळकरी वयात पुण्याहून इथे आल्या, इथेच शिकल्या, इथेच सनद घेतली आणि गेली चाळीसेक वर्षं इथल्या कोर्टांत आरोपींच्या बाजूने उभ्या राहत आल्या आहेत. उंचीने माझ्या खांद्याला लागतात. मराठी मात्र अजून त्या शाळकरी वयातलंच आहे, इतकं जुनं आणि स्वच्छ की इथल्या मेट्रोला, एमआरटीलासुद्धा त्या आगगाडी म्हणतात. मी कॅलेंडर ब्लॉक करतो, मीटिंग पुश करतो, हे ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडते. त्याच आत्या फोनवर अशिलाशी बोलायला लागल्या की "अंकल, यू डोन्ट एनीहाऊ से लाह, लेटर जज अँग्री, हाऊ?" असं इथल्या सिंग्लिशमध्ये एका दमात म्हणतात आणि फोन ठेवून आपल्याला विचारतात, "कोशिंबिरीला फोडणी देऊ का?" लग्न केलं नाही. एकदा मंडळाच्या गणपतीत नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका बाईंनी त्यांना चारचौघांत विचारलं की लग्न का केलं नाहीत. आत्या गंभीरपणे म्हणाल्या, "तारीख मिळाली नाही." त्या बाई बराच वेळ मुहूर्ताचाच विचार करत बसल्या होत्या.

इथल्या कोर्टात शिरताना आणि बाहेर पडताना वकील न्यायासनाला मान लववतात. आत्यांच्या मानेला ती सवय इतकी जडली आहे की कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना त्या दारात थबकतात, वळतात आणि किंचित मान लववतात. दंतवैद्याच्या खुर्चीला लववतात, बँकेच्या काउंटरला लववतात, सिनेमा संपल्यावर कोऱ्या पडद्यालाही लववतात. एकदा आमच्या स्वयंपाकघरातून निघताना त्यांनी फ्रिजला मान लववली आणि त्या वेळी नेमकं दार उघडून उभ्या असलेल्या माझ्या मुलाने उलट लववून दाखवली. तेव्हापासून त्या दोघांचा तो रिवाजच होऊन बसला आहे. हायकोर्टातला काळा गाऊन त्या घरीच धुतात आणि बांबूवर घालून खिडकीबाहेर वाळत टाकतात. तो वाऱ्यावर फडफडायला लागला की खाली कॉफी पीत बसलेली चिनी आजोबामंडळी एकमेकांना सांगतात की लॉयर अम्माची मोठी केस आहे. आत्याही राहतात त्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या जुन्या वसाहतीत हवामानाच्या अंदाजापेक्षा त्या गाऊनवर लोकांचा जास्त विश्वास आहे. घरातले वादही त्या कोर्टाच्याच शिस्तीने घालतात. आमटीत गूळ जास्त झाला असं बायको म्हणाली तर आत्या तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळून म्हणतात, "माझ्या विद्वान मैत्रिणीचं म्हणणं मी आदरपूर्वक ऐकलं आहे." मग मला आमटीवर निकाल द्यावा लागतो, आणि निकाल कसाही दिला तरी रात्री घरी जाऊन शिक्षा मलाच भोगावी लागते.

अशा बाईंना कोर्टात बघायला मी पहिल्यांदा गेलो तो मोठ्या अपेक्षेने. मुद्दाम रजा घेतली होती. घरी वांग्यावरून जी बाई एवढी उलटतपासणी घेते ती कोर्टात टेबलावर मूठ आपटेल, बोटं रोखेल, निदान आवाज तरी चढवेल असं मला वाटत होतं. गुन्हा कबूल झाल्यावर शिक्षा सौम्य व्हावी म्हणून वकिलाने न्यायाधीशांकडे जी विनवणी करायची असते तिला इथे मिटिगेशन म्हणतात, आणि त्या दिवशी त्यांची तीच होती. इमारतीच्या रखवालदाराला धक्का देणारा एक डिलिव्हरीवाला तरुण मान खाली घालून उभा होता. आत्यांच्या आधीच्या वकिलाने आपल्या अशिलाची गरिबी, आजारी आई, शाळेतलं प्रगतिपुस्तक असं सगळं सांगता सांगता घाम पुसला होता. आत्या उठल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत सांगतो. "त्याने धक्का दिला. त्याची त्याला लाज वाटते. रखवालदाराच्या घरी जाऊन माफी मागायला तो मला न विचारता गेला, आणि वकील म्हणून मी त्याला त्याबद्दल रागावले." आणि बसल्या. झालं, एवढंच. न्यायाधीशांनी चष्मा काढला, त्या पोराकडे नीट बघितलं, आणि सबंध सकाळीत पहिल्यांदा त्या खोलीत कुणीतरी कुणाकडे नीट बघितल्यासारखं मला वाटलं. मी रोज दिवसभर सॉफ्टवेअरच्या मीटिंगांत बोलत असतो, त्यातलं एकही वाक्य कुणाच्या आयुष्याला असं टेकलेलं मला आठवत नाही.

ही तीन वाक्यं येतात कुठून, हे मला पुढे कळलं. आत्यांचा एक नियम आहे. कुठल्याही अशिलासाठी उभं राहण्याआधी तो नेहमी जेवतो त्या ठिकाणी त्याच्याबरोबर एकदा जेवायचं. ऑफिसात नाही, आपल्या घरी नाही, त्याच्या नेहमीच्या जागी. बांधकाम मजुरांच्या डॉर्मिटरीबाहेर डब्यातला भात त्यांनी खाल्ला आहे, आणि एका नामांकित श्रीमंत माणसाबरोबर त्याच्या क्लबात बसून "इथे हा माणूस जेवत नाही, दाखवायला येतो" असं म्हणून त्याची केस परतही केली आहे. मी एकदा विचारलं, "आत्या, जेवणात एवढं काय कळतं?" म्हणाल्या, "ऑफिसात माणूस मला त्याची बाजू सांगतो. जेवताना तो ती सांगायची विसरतो."

आता आमच्या मजल्यावरच्या काकांची गोष्ट. ती मी काकूंना विचारून लिहितो आहे. काका आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले. मुंबईहून तरुणपणी आले, पाया लेबार भागातल्या एका बँकेत आयुष्यभर अंतर्गत हिशेबतपासनीस होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माणूस इतका काटेकोर की लिफ्टमधल्या सूचनेत स्वल्पविराम चुकला म्हणून टाउन कौन्सिलला पत्र लिहिणारा. एका दुपारी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांवर चोरीचा आरोप ठेवला होता. पाया लेबारच्या एका मॉलमधल्या दुकानातून मांजराच्या खाण्याचे दोन डबे पिशवीत घालून पैसे न देता ते बाहेर पडले होते. आधीही एकदा असंच काही होऊन पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं होतं, ते त्यांनी काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं. या वेळी कोर्टाची तारीख हातात पडली होती. "आमच्याकडे मांजर नाही हो," काकू एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

मी काका-काकूंना आत्यांकडे घेऊन गेलो. आत्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही जेवता कुठे?" दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्ही काका नेहमी जेवतात त्या, खाण्याच्या स्टॉलांनी भरलेल्या आमच्या हॉकर सेंटरवर गेलो. काकांनी मी बरोबर असावं असा आग्रह धरला, तेव्हा आत्यांनी मला बजावलं, "तुम्ही यायचं, पण खुर्ची म्हणून. खुर्ची ऐकते, बोलत नाही." काकांनी इथल्या रिवाजाप्रमाणे खिशातलं टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरलं आणि डोसा आणायला गेले. आम्हीही आपापली ताटं घेऊन त्याच टेबलाशी परतलो. काका ताट घेऊन आले, आमच्या समोरून गेले, आणि पलीकडे एका चिनी आजीबाई नूडल्स खात होत्या त्या टेबलाशी थांबून सौम्यपणे म्हणाले की माफ करा, ही जागा मी धरली आहे. आजीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, टिश्यूचं पाकीट नसलेल्या आपल्या टेबलाकडे बघितलं आणि आपलं ताट जरा सरकवत म्हणाल्या, "सिट, अंकल, सिट. कॅन शेअर." मी उठायला लागलो. आत्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग त्यांनी आपलं ताट उचललं, जाऊन काकांसमोर बसल्या, आजीबाईंना मान लववली आणि डोसा कुरकुरीत आहे का ते काकांना विचारलं. जेवणभर त्या विषयावर एक अक्षर निघालं नाही. टिश्यूचं पाकीट मी हळूच खिशात टाकलं.

त्यानंतर आत्यांच्या ऑफिसात, म्हणजे चायनाटाउनजवळच्या एका जुन्या इमारतीतल्या फायलींनी गिळलेल्या खोलीत, काका ताठ बसले होते. म्हणाले, "मला गुन्हा कबूल करायचा आहे. डबे मी घेतले. मुद्दाम घेतले." आत्यांनी विचारलं, "मांजर कुठे आहे?" "पाळणार होतो." "कुठल्या रंगाचं?" "पांढरं." "पाया लेबारला कशाला गेला होतात?" काकांचा चेहरा पडला. ते निवृत्त झाल्यापासून पाया लेबारला त्यांचं काहीही काम नव्हतं, आणि त्या दिवशी ते गळ्यात टाय बांधून गेले होते हे आम्हाला काकूंनी सांगितलं होतं. मग काका खाली बघत म्हणाले, "बाई, चोर म्हणा. मला चालेल. बाकी काही म्हणू नका." मला वाटलं, आता आत्या पुढचा प्रश्न विचारणार. उत्तर त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि काकांनाही माहीत होतं. आत्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आज एवढं पुरे."

परतताना गाडीत मी न राहवून म्हटलं, "आत्या, त्यांना विसरायला होतंय. कोर्टात सांगून टाका, सुटतील." आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते सांगायचा अधिकार त्यांचा आहे, माझा नाही. आणि मी ते आज त्यांच्याकडून काढून घेतलं असतं, तर ते माझं झालं असतं. काढून घ्यायला मला एक मिनिट लागलं नसतं, जावईबापू." मग त्यांनी मला समजावलं की इथल्या कोर्टात गुन्हा कबूल करायचा तर पूर्ण करावा लागतो. मी घेतलं, पण माझ्या लक्षात नव्हतं, असं अर्धवट म्हटलं तर न्यायाधीश कबुली घेतच नाहीत, कारण चोरी म्हणजे हेतू असलाच पाहिजे. काकांना कबुली द्यायची असेल तर आपला हेतू वाईट होता हे त्यांना भर कोर्टात मान्य करावं लागणार होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, तो स्वतःचा कमकुवतपणा लपवायला चोर व्हायला निघाला होता. काकूंना कळलं तर त्या खचतील, मुलगी नोकरी सोडून मेलबर्नहून धावत येईल, आणि आपण माणसातून उठून कुणाच्या तरी ओझ्यात जमा होऊ, ही भीती त्यांना तुरुंगापेक्षा मोठी वाटत होती.

तारखेच्या आधीच्या रविवारी आत्या काकांच्या घरी आल्या. सरकार पक्षाने घटनेचं निवेदन तयार करून पाठवलं होतं. कबुली देणाऱ्याला ते कोर्टात जसंच्या तसं मान्य करावं लागतं. आत्यांनी ते जेवणाच्या टेबलावर काकांसमोर ठेवलं, शेजारी टोक केलेली पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "माझं इंग्रजी जुनं झालं. तुम्ही एकदा तपासून द्या. बरोबर असेल तर खाली सही करा." मी खुर्चीच्या भूमिकेत खुर्चीवर बसलो होतो. काकांनी चष्मा लावला आणि बघता बघता त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी एक स्वल्पविराम घातला. मॉलच्या नावाचं स्पेलिंग सुधारलं. दुकानातून बाहेर पडल्याच्या वेळेवर खूण करून "आधार काय?" असं समासात लिहिलं. पेन्सिल खाली सरकत गेली आणि एका ओळीवर थांबली. आरोपीने अप्रामाणिक हेतूने सदर डबे घेतले, अशी ती ओळ होती. काकांनी ती वाचली. पुन्हा वाचली. पेन्सिल उचलावी आणि पुढे जावं असा प्रयत्न त्यांचा हात करत होता हे मला दिसत होतं, आणि हात जात नव्हता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत चुकीच्या विधानाखाली त्या हाताने कधी सही केली नव्हती.

"हे बरोबर नाही," काका म्हणाले. "हेतू कसा असेल? मला ते डबे घेतल्याचं आठवतच नाही." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी ऑफिसला निघालो होतो. पोचल्यावर लक्षात आलं की मला ऑफिस नाही. मग त्यानंतरचं काही नाही. कोरं आहे." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आल्या, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे, अहो. बरेच दिवस माहीत आहे. तुम्ही सांगायची वाट बघत होते." काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि काकूंच्या हातावर कपाळ टेकलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. थोड्या वेळाने काकांनी मान वर करून विचारलं, "आता तुम्ही हे कोर्टात सांगणार?" आत्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तेवढंच. एक शब्द जास्त नाही." काकांनी विचार केला. "सांगा," म्हणाले, "पण नेमक्या शब्दांत."

कोर्टात त्या दिवशी मी मागच्या बाकावर काकूंशेजारी होतो. आत्या उठल्या. "माझ्या अशिलाने आयुष्यभर चुकीच्या विधानावर सही केलेली नाही. गुन्हा कबूल करण्यासाठी त्यांना आज तशी सही करावी लागेल, आणि ते ती करणार नाहीत. त्यांना काय होतं आहे ते डॉक्टरांकडून जाणून घ्यायला वेळ मिळावा, अशी त्यांची स्वतःची विनंती आहे." नेहमीसारखीच तीन वाक्यं. पण आरोपीच्या जागी उभे असलेले काका ती ऐकता ऐकता ताठ झाले, आणि तिसऱ्या वाक्यातल्या 'स्वतःची' या शब्दाला त्यांनी अशी मान डोलावली की जणू दुरुस्त केलेला मसुदाच कुणी वाचून दाखवत होतं. मी त्या बुटक्या बाईंकडे बघत राहिलो. या माणसाला वाचवताना त्यांनी त्याच्याकडून काहीही घेतलं नव्हतं, उलट त्याची मान त्याला परत देऊन ठेवली होती. हे कसं केलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरी कुणी मला करून दाखव म्हटलं तर जमणार नाही.

पुढे डॉक्टरांचा अहवाल आला. सरकार पक्षाने तो वाचला, आरोप मागे घेतला, आणि काका मोकळे झाले. मी पेढे घेऊन आत्यांकडे गेलो आणि म्हटलं, "जिंकलात." आत्यांनी पेढा घेतला पण शब्द घेतला नाही. "जिंकायला लढाई झाली कुठे? सरकारने समजूतदारपणा दाखवला, एवढंच म्हणा."

काकांचा आजार मात्र कुठल्याही कोर्टाच्या आवाक्यातला नाही. आताशा ते मला ओळखतात, पण कधी कधी मला त्यांच्या बँकेतला कुणी समजतात. आत्या दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जातात. मीही बहुतेकदा बरोबर असतो. आत्या समोर बसल्या की काका थोडा वेळ त्यांच्याकडे बघतात आणि अदबीने विचारतात, "आपण कोण?" आत्या म्हणतात, "मी तुमची वकील." काका घाबरतात. "माझ्यावर केस आहे?" "होती," आत्या म्हणतात, "आपण जिंकलो." काकांचा चेहरा असा उजळतो की बघणाऱ्याला भरून यावं. "अगं, ऐकलंस का? आपण जिंकलो," ते आत हाक मारतात. काकू हात पुसत बाहेर येतात, दर वेळी म्हणतात, "हो का? बरं झालं बाई," आणि सगळ्यांसाठी चहा टाकतात. त्या दोघी त्या वेळी एकमेकींकडे बघत नाहीत.

एकदा लिफ्टने खाली येताना मी म्हटलं, "आत्या, जिंकलो म्हणायचं नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतंत." आत्या मजल्यांचे आकडे उतरताना बघत होत्या. म्हणाल्या, "ते कोर्टाबद्दल. या घरात आपण दर आठवड्याला थोडं थोडं हरतोय, जावईबापू. एवढा एक निकाल तरी त्यांच्या बाजूने लागू दे." एक दिवस काका 'आपण कोण' असंही विचारणार नाहीत, हे मला माहीत आहे. आत्यांना ते माझ्याआधी माहीत होतं. म्हणूनच त्या एकही रविवार चुकवत नाहीत.